डीओ मीटर लावताना: आधी पडदा, मग हवेचा दाब

आमच्या पुण्यातल्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये नवीन कोणी आलं की मी आधी डीओ मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा, प्रोब (पाण्यात बुडवायचा सेन्सर) हातात देते. बीओडी म्हणजे २७ अंशांवर ३ दिवसांत बाटलीतला किती ऑक्सिजन संपला ते; प्रोबच खोटं बोलला तर रिपोर्टला अर्थ उरत नाही.

आमचा प्रोब क्लार्क पद्धतीचा: सोन्याचा कॅथोड, चांदीचा ॲनोड, वर टेफ्लॉनचा पातळ पडदा. रीडिंग स्थिर होत नसेल तर मीटरला दोष देण्याआधी पडदा बघा. पडद्याच्या टोपीत इलेक्ट्रोलाइट (प्रोबच्या आतलं द्रावण) काठोकाठ भरा, बाहेरून नखाने टिचक्या मारा म्हणजे बुडबुडे वर येतील, मग टोपी हळूहळू फिरवा. थोडं द्रावण बाहेर सांडलंच पाहिजे. उजेडात धरून बघा. एक जरी बुडबुडा किंवा सुरकुती दिसली तरी पुन्हा भरा. सांडपाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडने ॲनोड काळा पडतो, तो मॅन्युअलप्रमाणेच साफ करा. कॅथोडला साधा पॉलिश पेपर अजिबात लावू नका.

मीटर सुरू करून १५ मिनिटं थांबा. पडद्यावरचे थेंब टिश्यूने अलगद टिपा आणि ओला स्पंज ठेवलेल्या कपात प्रोब ठेवा; तिथल्या ओलसर हवेवरच मीटर लावायचा (कॅलिब्रेट करायचा). स्पंज पडद्याला टेकता कामा नये.

आता हवेचा दाब. हवेने पूर्ण भरलेल्या पाण्यात २५ अंशांना ८.२६ मि.ग्रॅ./लिटर ऑक्सिजन, हा आकडा ७६० मि.मी. (पाऱ्याच्या) दाबाचा, म्हणजे समुद्रसपाटीचा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे दाब ७१० मि.मी.च्या आसपास असतो, म्हणून इथलं उत्तर सुमारे ७.७. मोबाइलवर हवामानात दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. तो मीटरमध्ये घातलात तर प्रत्येक रीडिंग ६-७ टक्के जास्त येईल, आणि कोणाला शंकाही येणार नाही. लॅबमधल्या बॅरोमीटरचा, दुरुस्ती न केलेला दाबच घाला.

शून्य तपासायला १०० मि.ली. पाण्यात २ ग्रॅम सोडियम सल्फाइट, ताजंच बनवलेलं. रीडिंग शून्याजवळ गेलं नाही तर पडदा बदला. नंतर प्रोब भरपूर डिस्टिल्ड वॉटरने धुवा. सल्फाइटचा थेंब राहिला तर पुढच्या सॅम्पलमधला ऑक्सिजन तो खातो.

सॅम्पल मोजताना स्टिरर चालू हवाच. हा प्रोब स्वतःच ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे स्थिर पाण्यात आकडा घसरत जातो. अधूनमधून त्याच पाण्याचं विंकलर टायट्रेशन (विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजायची पद्धत) करून बघा. जुळलं नाही तर त्या दिवशीच्या बीओडीच्या बाटल्या टायट्रेशननेच मोजा.