वेगेनरने प्लेट टेक्टॉनिक्स मांडलं नाही : भूपट्ट सिद्धांत शिकताना-शिकवताना या चुका टाळा

‘1912 मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत मांडला.’ वणी, वरोरा, राजुरा, उमरेड, कुठल्याही गावातल्या अभ्यासिकेत जा, स्पर्धा परीक्षेच्या वहीत हे वाक्य सापडतंच. पोरं मेहनती आहेत, पाठांतर पक्कं आहे. पण या एका वाक्यात पन्नासहून जास्त वर्षांचा इतिहास गडप होतो आणि मग पुढचे प्रश्न अडतात. वेगेनरचं म्हणणं बरोबर होतं तर ते नाकारलं का? मग पुन्हा स्वीकारलं का? समुद्रतळाचा याच्याशी संबंध काय?

खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. कुठला पुरावा कोणत्या साली हाती आला, हे आपण बघत नाही आणि नंतर सापडलेलं आधीच्या माणसाच्या नावावर टाकतो. आपल्या चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात तर या सिद्धांताचे पुरावे पायाखाली आहेत. इथल्या मुलांना हा विषय कोरडा वाटावा, याचं खरंच वाईट वाटतं.

खंड सरकणं आणि प्लेट सरकणं एकच समजू नका

वेगेनर मूळचा हवामानशास्त्रज्ञ. 6 जानेवारी 1912 रोजी फ्रँकफर्टमध्ये त्याने आपली कल्पना पहिल्यांदा जाहीरपणे मांडली, 1915 मध्ये पुस्तक काढलं आणि 1929 पर्यंत त्याच्या सुधारित आवृत्त्या काढत राहिला. त्याचं म्हणणं होतं की खंड हलक्या खडकाचे आहेत, समुद्रतळ जड खडकाचा आहे आणि खंड त्या तळातून वाट काढत सरकतात. म्हणजे त्याच्या मते सरकतात ते खंड, समुद्रतळ जागेवरच.

प्लेटचं तसं नाही. प्लेटमध्ये जमीनही येते आणि समुद्रतळही. नागपूर ज्या प्लेटवर आहे, तिच्यावरच कन्याकुमारीच्या दक्षिणेचा शेकडो किलोमीटर समुद्रतळ आहे. शिवाय प्लेट म्हणजे नुसतं कवच नव्हे. कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचा, वरचा ताठ भाग मिळून सरासरी 100 किलोमीटर जाडीचं शिलावरण होतं, तेच तुकड्यातुकड्यांनी सरकतं.

इथेच दुसरी चूक घुसते : ‘प्लेटा लाव्हाच्या समुद्रावर तरंगतात.’ प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून जातात. खडक तापलेला आणि दाबाखाली असल्यामुळे लाखो वर्षांत हळूहळू वाहतो, एवढंच. वहीत तीन टप्पे तीन नावांनी लिहा : खंडवहन (1912), सागरतळ विस्तार (1960 ते 1963), भूपट्ट विवर्तनी म्हणजेच प्लेट टेक्टॉनिक्स (1965 ते 1968).

वेगेनरला नाकारणारे अडाणी होते, असं शिकवू नका

बिचाऱ्या वेगेनरची सगळ्यांनी टिंगल केली, ही गोष्ट वर्गात रंगते. टिंगल झाली हे खरं, पण आक्षेप खरे होते. खंड कोणत्या जोराने सरकतात, याला त्याने पृथ्वीच्या फिरण्यातून येणारं, ध्रुवांपासून दूर ढकलणारं बल आणि भरती-ओहोटीचं बल अशी दोन उत्तरं दिली. ही बलं या कामासाठी फारच तोकडी आहेत, हे ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीझ यांनी गणिताने दाखवलं. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतंय असंही वेगेनर म्हणत होता. अटलांटिक प्रत्यक्षात वर्षाला काही सेंटिमीटरनेच रुंदावतो.

त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यू तोइत त्याच्या बाजूने पुरावे गोळा करत होते आणि प्रावरणातल्या उष्णतेचे प्रवाह खंडांना वाहून नेत असतील, असं आर्थर होम्स 1920 च्या दशकाच्या शेवटी मांडत होते. म्हणजे कल्पना मेली नव्हती, तिला यंत्रणा सापडत नव्हती. वेगेनर 1930 मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत वारला. निकाल त्याने पाहिला नाही.

जीवाश्मांचे काळ एकमेकांत मिसळू नका

वणी-घुग्घूस भागात कोळशासोबत येणाऱ्या राखाडी शेलचा तुकडा नीट पाहा. कधी कधी त्यावर लांबट पान उमटलेलं दिसतं : मधली शीर ठळक, तिच्यापासून दोन्हीकडे निघालेल्या बारीक शिरांची जाळी. “सर, हे पान त सागाचं नाय वाटत जी,” असं पोरं लगेच म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. ते ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीचं पान. पर्मियन काळातलं, म्हणजे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचं. हेच पान दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात सापडतं. अंटार्क्टिकातही. रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे साथीदार 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मेले. शेवटपर्यंत त्यांनी सुमारे 16 किलो खडक स्लेजवरून ओढत आणले होते. त्या खडकांत ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली.

आता चूक. कोळसा, सिरोंच्याजवळच्या वडधमचे जीवाश्म आणि वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे डायनासोर मुलं एकाच उत्तरात ‘वेगेनरचे पुरावे’ म्हणून लिहितात. वडधमचे जीवाश्म कोळशाच्या कितीतरी नंतरचे, डायनासोरच्या काळातले. पिसदुऱ्याचे क्रिटेशसच्या अखेरचे, म्हणजे डायनासोर संपत आले तेव्हाचे. हे खंड एकेकाळी जोडलेले होते, या वेगेनरच्या युक्तिवादाला बळ देतं ते कोळशातलं पान.

लिस्ट्रोसॉरसचंही असंच होतं. हा प्राणी भारतात दामोदर खोऱ्यात, आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकात सापडला, हे बरोबर. पण अंटार्क्टिकातला शोध 1969 चा. तो वेगेनरच्या तोंडी घालू नका. आणि मेसोसॉरस हा सरपटणारा प्राणी भारतात सापडलेला नाही, तो दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचा.

(मुलांना खाणीच्या ढिगाऱ्यावर चढवू नका, ते ढिगारे खचतात. वडधमहून काही उचलून आणू नका. कोळसा पट्ट्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात नमुने पाहायला मिळतात का, ते आधी विचारा.)

चंद्रपूरचा बर्फ विसरू नका

उन्हाळ्यात 47 अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुराजवळ, पैनगंगेच्या पात्रात इरईपाशी, हिमनदीने घासलेला चुनखडकाचा पृष्ठभाग आहे. बर्फात रुतलेले दगड खालच्या खडकावरून ओढले गेले की समांतर ओरखडे उठतात, तसले ओरखडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते 1870 च्या दशकातच नोंदवले होते. त्याआधी 1856 मध्ये ओडिशातल्या तालचेरला हिमनदीने आणलेले गोटे ओळखले गेले होते. म्हणजे पुरावा वेगेनरच्या पन्नास वर्षं आधीचा, फक्त त्याचा अर्थ लागत नव्हता. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फाची चादर कशी? वेगेनरने भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवले आणि सगळ्यांवरचा बर्फ एका जागी आला. माझ्या मते त्याचा सगळ्यात ताकदीचा पुरावा हाच. परीक्षेच्या उत्तरांत मात्र तो क्वचितच दिसतो.

गोंडवनाबद्दलही एक खुलासा. भूशास्त्रात हे नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून 1870 च्या दशकात आलं. ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड सुएस यांनी पुढे ‘गोंडवनालँड’ म्हणून त्याचा एक मोठा खंड केला. पण सुएस यांच्या मते खंड सरकले नव्हते, मधली जमीन समुद्रात बुडाली होती. गोंडवन म्हटलं की खंडवहन, असं समीकरण लावू नका.

समुद्रतळाची वीस वर्षं एका ओळीत उरकू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘नंतर हॅरी हेस यांनी सागरतळ विस्तार मांडला’ एवढं लिहून पोरं पुढे जातात. खरं तर सिद्धांत इथेच घडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांनी ध्वनीच्या साहाय्याने समुद्राची खोली मोठ्या प्रमाणावर मोजायला सुरुवात केली. अमेरिकेत मेरी थार्प ते आकडे कागदावर उतरवत होती. बाई म्हणून तिला संशोधन जहाजावर जायला मिळत नसे. 1952 च्या सुमारास तिने अटलांटिकचे आडवे छेद एकाखाली एक मांडले. प्रत्येक छेदात मधल्या डोंगररांगेच्या माथ्यावर खोल फट दिसत होती. तळ तिथे फाटतोय, असा त्याचा अर्थ होत होता. तिचा सहकारी ब्रूस हीझेन आधी मानायला तयार नव्हता. शेजारच्या टेबलावर त्याच मापाच्या नकाशावर भूकंपांची केंद्रं टिपली जात होती. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तर भूकंप नेमके त्या फटीत पडत होते. मग त्याला मानावं लागलं.

हेस यांनी 1962 मध्ये मांडलं की मध्य-सागरी रांगेत नवा तळ तयार होतो, दोन्हीकडे सरकतो आणि खोल गर्तांमध्ये परत आत जातो. ‘सागरतळ विस्तार’ हे नाव मात्र रॉबर्ट डिएट्झ यांनी 1961 मध्ये दिलं. इथपर्यंत ही कल्पनाच होती. ती तपासायला चुंबकत्व कामी आलं.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, उत्तरेची दक्षिण होते. लाव्हा थंड होताना त्या वेळची दिशा त्यात कायम राहते. 1963 मध्ये केंब्रिजचा संशोधक विद्यार्थी फ्रेड वाइन आणि त्याचे मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज यांनी मांडलं : तळ खरंच रांगेपासून दोन्हीकडे पसरत असेल, तर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे दिसले पाहिजेत. मॅथ्यूज यांनी मोजमाप केलं होतं ते कार्ल्सबर्ग रांगेवर, म्हणजे हिंदी महासागरात. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्लीनेही त्याच सुमारास हेच लिहिलं होतं, पण नियतकालिकांनी त्याचा लेख परत केला. त्याचं नाव आवर्जून घ्या.

पहिल्या दोन-तीन वर्षांत फार कोणी मानलं नाही. 1966 मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या ‘एल्टानिन’ जहाजाने नोंदवलेला समुद्रतळाच्या चुंबकत्वाचा आलेख प्रसिद्ध झाला. रांगेच्या डाव्या बाजूची नोंद उलटी करून उजव्या बाजूवर ठेवली तर चढउतार जुळत होते. संशयी लोकांचं मत फिरलं ते यामुळे.

1965 मध्ये तुझो विल्सन यांनी ‘प्लेट’ ही कल्पना मांडली आणि समुद्रतळावरच्या एका प्रकारच्या भेगांवर सरकण्याची दिशा वरवर दिसते त्याच्या उलट असेल, असं भाकीत केलं. 1967 मध्ये लिन साइक्स यांनी भूकंपांच्या नोंदींवरून ते खरं ठरवलं. 1967-68 मध्ये मॅकेन्झी व पार्कर, जेसन मॉर्गन आणि झेव्हिए ल पिशों यांनी गोलावर ताठ तुकडे कसे फिरतात, याचं गणित बसवलं. प्लेट टेक्टॉनिक्स म्हणतात ते हे. एका माणसाचं नाव विचारलं तर ‘एकाचं नाही’ हेच उत्तर बरोबर.

काळ्या पाषाणाचं पान गाळू नका

अमरावती, यवतमाळ, बुलडाण्यात विहीर खणताना मुरमाखाली लागतो तो काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे नमुने 1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये मोजले गेले. त्यातल्या चुंबकत्वाचा कल सांगत होता की लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. समुद्रतळाचे पट्टे उलगडण्याच्या आधीच, वेगेनर बरोबर असावा असं काही जणांना वाटू लागलं ते अशा मोजमापांमुळे. हा मुद्दा विदर्भातल्या मुलांच्या उत्तरात हवाच.

नकाशा कापून जोडत नाही, तेव्हा

दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका कापून जोडायचा उपक्रम बहुतेक शाळांत फसतो, कारण आपण किनाऱ्यावर कात्री चालवतो. किनारा समुद्राच्या पातळीवर ठरतो, खंडाची खरी कड पाण्याखाली असते. एडवर्ड बुलार्ड यांनी 1965 मध्ये संगणकाने जुळणी केली ती सुमारे 900 मीटर खोलीच्या रेषेवर. म्हणून उथळ समुद्राचा फिकट निळा पट्टा खंडासोबतच कापा. भिंतीवरचा सपाट नकाशा वापरू नका, ध्रुवांकडे आकार ताणले जातात. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून गिरवा.

आधणाचं उदाहरण जपून वापरा

उकळत्या आधणात तांदूळ खालीवर होतो, तशा प्लेटा प्रवाहाने ढकलल्या जातात, असं सांगायची पद्धत आहे. त्यातून खाली पातळ द्रव आहे असा समज होतो, आणि प्लेट नुसती बसून वाहून जाते असंही वाटतं. प्रत्यक्षात जुना, थंड आणि जड झालेला समुद्रतळ गर्तेत बुडताना मागची प्लेट ओढून नेतो. ही ओढ सगळ्यात महत्त्वाची, हे 1975 मध्ये फोर्सिथ आणि उयेदा यांनी प्लेटांच्या वेगांची तुलना करून दाखवलं. आधण सांगायचंच तर ही ओढही लगेच सांगा.

प्रत्येक हादरा प्लेटच्या सीमेला जोडू नका

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप प्लेटच्या आत झाला. 4 डिसेंबर 2024 ला तेलंगणातल्या मुलुगू भागात 5.3 तीव्रतेचा धक्का बसला आणि गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत भांडी वाजली, तोही आतलाच. भारताची प्लेट आशियाला रेटते आहे, त्या ताणाने जुन्या भेगा सरकतात. सीमा मात्र हिमालयात आहे. लोणारचं सरोवरही ज्वालामुखीचं विवर नाही, ते बेसाल्टवर उल्का आदळून झालं. धक्का जाणवला आणि ‘विदर्भाखाली प्लेट फुटते आहे’ असे मेसेज फिरायला लागले, तर नॅशनल सेंटर फॉर सीस्मॉलॉजीच्या संकेतस्थळावर केंद्र, खोली आणि तीव्रता पाहा. ते केंद्र वर्गातल्या नकाशावर टिपा आणि जवळची प्लेटची सीमा किती किलोमीटरवर आहे, ते मुलांना पट्टीने मोजायला लावा.