स्कीच्या सुट्टीचा मुक्काम: पैसे भरण्याआधी काय काय तपासायचं

जागा शोधायला बसण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून काढा: एकूण माणसं किती, त्यात मुलं किती, पायाला पहिल्यांदाच स्की बांधणारे किती आणि बरोबर गाडी असणार की नाही. हॉटेल घ्यायचं की अपार्टमेंट, हा प्रश्न त्यानंतरचा. बरेच जण फोटो बघून आधी खोली पसंत करतात आणि ती डोंगराच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे नंतर बघतात. इथे क्रम उलटा लागतो. खोलीत जागेपणी फारसा वेळ जातच नाही. सकाळी साडेआठला दारातून लिफ्टपर्यंत (म्हणजे माणसांना डोंगरावर वर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्या किंवा डबे) आणि दुपारी साडेचारला लिफ्टपासून दारापर्यंत काय हाल होतात, त्यावर आठवडा ठरतो.

तेव्हा पहिली तपासणी अंतराची, आणि तीही पायात स्कीबूट आहेत असं धरून. हा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच. त्यात घोटा नीट वळत नाही, तळवा तर अजिबात नाही आणि जोडीचं वजन तीन-चार किलो. वर खांद्यावर स्की, हातात काठ्या आणि पायाखाली रात्रभर गोठलेला रस्ता. साध्या बुटांतली पाच मिनिटं इथे सहज दहा-बारा होतात, आणि मूल असेल तर त्याची स्कीही तुमच्याच खांद्यावर येते. सपाट दोनशे मीटर चालून जातात. त्यापुढे बस हवी, नाहीतर लिफ्टजवळ लॉकर हवा. भाड्याने स्की देणारी काही दुकानं सामान रात्रभर ठेवून घेतात. असं दुकान लिफ्टच्या पायथ्याशी असेल तर लांबची, स्वस्तातली खोलीही चालते. जाहिरातीतलं अंतर बहुतेकदा नकाशावर सरळ रेघ मारून मोजलेलं असतं, त्यात चढ धरलेला नसतो. उपग्रह नकाशावर इमारत आणि लिफ्टचं खालचं स्टेशन दोन्ही शोधा आणि मधले जिने मोजा.

‘स्की-इन स्की-आउट’, म्हणजे स्कीवरूनच दारापर्यंत येणं आणि स्कीवरूनच दारातून निघणं, ही खरं तर दोन वेगळी आश्वासनं आहेत. दारातून घसरत लिफ्टपर्यंत जाता येतं, पण परतताना शेवटचा चढ स्की खांद्यावर घेऊन चढावा लागतो, असं पुष्कळ ठिकाणी आहे. दारापाशी येणाऱ्या उतरणीचं नाव आणि रंग विचारा. युरोपात उतरणींना अवघडपणाप्रमाणे रंग दिलेले असतात: निळी सोपी, लाल अवघड, काळी फार अवघड. फ्रान्समध्ये निळीच्याही खाली हिरवी असते. घरी यायची एकमेव वाट लाल असेल तर नवशिक्याची रोज संध्याकाळी रडारड ठरलेली, कारण त्या वेळी पाय थकलेले असतात आणि दिवसभरात उतरणीवर बर्फाचे उंचवटे तयार झालेले असतात. गाव खालच्या उंचीवर असेल तर ती उतरण हंगामभर उघडी असते का, हेही विचारा. मार्चमध्ये खालचा बर्फ दुपारी लगद्यासारखा होतो, उतरण बंद होते आणि सगळे गोंडोलाने (तारेवरच्या बंद डब्यातून) खाली यायला रांगेत उभे राहतात.

उंचीचा हिशेब दोन्ही बाजूंनी करायचा. फ्रान्समधलं व्हाल थोरेन्स 2300 मीटरवर आहे, त्यामुळे तिथे बर्फाची काळजी फार कमी. पण गाव झाडांच्या रेषेच्या वर असल्याने धुकं उतरलं की आकाश आणि जमीन एकाच रंगाची दिसते आणि आडोसा म्हणून झाडही नसतं. अमेरिकेत कोलोरॅडोतलं ब्रेकेनरिज जवळपास 2900 मीटरवर आहे. इतक्या उंचीवर पहिल्या एक-दोन रात्री डोकं दुखणं, झोप मोडणं नेहमीचंच. गटात वयस्कर माणूस किंवा हृदयाचा-फुप्फुसाचा त्रास असलेलं कुणी असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शक्यतो खालच्या गावात झोपायची सोय बघा.

आता मुक्कामाचे प्रकार. हॉटेलात हाफ बोर्ड घेतलं की नाश्ता आणि रात्रीचं जेवण सुटतं. दिवसभर स्की करून ज्यांना भांड्याकडे बघायचंही नसतं त्यांच्यासाठी हे बरं. फक्त जेवणाची वेळ विचारून घ्या, कारण साडेसातला पंगत बसत असेल तर लहान मुलं त्याआधीच झोपलेली असतात. जेवणासकट मिळणारा शॅले (डोंगरातलं लाकडी घर) आठ-दहा जणांच्या गटाला छान पडतो, पण आठवड्यातली एक संध्याकाळ बहुधा कर्मचाऱ्यांच्या सुट्टीची असते. त्या दिवशीचं जेवण तुम्हीच बघायचं आणि टेबल आधी राखायचं. जेवणाची पथ्यं असणाऱ्यांना, तान्ह्या मुलांच्या आईबापांना आणि खर्च हातात ठेवायचा असणाऱ्यांना अपार्टमेंट सोयीचं.

मात्र अपार्टमेंटच्या जाहिरातीतला ‘4/6 जणांसाठी’ हा आकडा नीट वाचा. चौघांना पलंग आणि उरलेल्या दोघांना बैठकीतला सोफा, असा त्याचा अर्थ. फ्रान्समधल्या जुन्या इमारतींत मुलांचे दुमजली पलंग दाराजवळच्या बिनखिडकीच्या कोनाड्यात असतात आणि त्याला ‘केबिन’ म्हणतात. खोल्यांची संख्या बाजूला ठेवून चौरस मीटर विचारा. सत्तावीस चौरस मीटरमध्ये सहा जण साडेचार वाजता एकदम आत शिरले की सहा ओली जॅकेटं, बारा हातमोजे, सहा हेल्मेटं आणि न्हाणीघर एक. गरम पाण्याची टाकी किती लिटरची तेही विचारा. मिनिटाला दहा लिटर धरले तर पाच मिनिटांच्या शॉवरला पन्नास लिटर लागतात. शंभर लिटरच्या टाकीत थंड पाणी मिसळून तिघांचं भागतं, चौथ्याने अर्धा-पाऊण तास थांबायचं.

बूट कुठे वाळणार, हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीचा सगळ्यात मोठा त्रास तिथूनच निघतो. दिवसभराच्या घामाने बुटाचं आतलं अस्तर ओलं होतं. बूट तळघरातल्या थंड लॉकरमध्ये राहिले तर सकाळी अस्तर गार असतं आणि प्लास्टिक थंडीने इतकं ताठर होतं की बुटाचं तोंड उघडत नाही, पाय आत जात नाही. लॉकरमध्ये बूट अडकवून वाळवायचे गरम हवेचे खुंटे आहेत का, हे स्पष्ट विचारा. नुसतं ‘स्कीरूम आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. खुंटे नसतील तर बूट खोलीत आणायची परवानगी घ्या, बकलं मोकळी करा, अस्तर ओढून बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते झोपण्याआधी एकदा बदला. हीटरवर ठेवू नका, उष्णतेने अस्तर आणि कवच दोन्हींचा आकार बिघडतो.

मुलांसाठी स्की स्कूल कुठे भरतं ते आधी पाहा आणि घर त्याच्या जवळ घ्या, मोठ्या लिफ्टच्या जवळ नसलं तरी चालेल. वर्ग बहुधा सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतात. मोठ्यांनी लिफ्ट दहा मिनिटं उशिरा गाठली तर काही बिघडत नाही. बसवर भिस्त असेल तर पहिल्या बसपेक्षा शेवटची बस किती वाजता ते बघा. गाडी असेल तर पार्किंगची जागा राखीव आहे का, तळघरातल्या पार्किंगची उंची किती आणि छतावरच्या स्कीबॉक्ससकट गाडी आत जाते का, हे विचारा. स्वित्झर्लंडमधल्या झर्माटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांना प्रवेशच नाही. गाडी टेश या अलीकडच्या गावात ठेवून पुढे ट्रेनने जावं लागतं. फ्रान्समधल्या आव्होरियाझमध्येही गाडी वेशीवरच सोडावी लागते, तेव्हा सामान चाकाच्या दोन बॅगांत बसेल इतकंच घ्या.

शांत झोप हवी असेल तर उतरणीकडे तोंड असलेली खोली घेताना जरा विचार करा. दृश्य सुंदर असतं, पण बर्फ सपाट करणारी यंत्रं रात्रीच फिरतात आणि थंडी पडली की कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफा रात्रभर घोंघावतात.

शेवटी पत्र लिहून मालकाकडून उत्तरं मागवा: चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, शेवटच्या सफाईचे वेगळे पैसे आहेत का, अनामत किती आणि किती दिवसांत परत, माणशी पर्यटन कर वेगळा आहे का, रद्द केल्यास किती कापणार आणि बर्फाअभावी लिफ्ट बंद राहिल्या तर काय. आल्प्समध्ये अनेक अपार्टमेंटं शनिवार ते शनिवारच मिळतात, ताबा दुपारी चार-पाचला आणि खोली सोडायची सकाळी दहापर्यंत. शेवटच्या दिवशीही स्की करायची असेल तर सामान ठेवायला खोली आणि संध्याकाळी अंघोळीला शॉवर मिळेल का, हे त्याच पत्रात विचारून घ्या.