पुण्यात बर्फ नाही, तरी कर्लर व्हायचं असेल तर

रविवारी सकाळी सात वाजता कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सहा मुलं येतात. नवीन आलेलं प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतं, "ताई, दगड कधी सोडायचा?" मी त्याला आधी बूट काढायला लावते. कर्लिंग हा बर्फावरचा सांघिक खेळ, दगड समोरच्या टोकाच्या वर्तुळांत थांबवायचा. हा दगड ग्रॅनाइटचा, वीस किलोच्या जरा आतला. तो उचलून फेकत नाहीत, बर्फावरून सरकवत सोडतात. म्हणजे ताकद दंडात नको, मांडीत आणि कमरेत हवी. आणि मांड्या पर्वतीच्या 103 पायऱ्यांवरही तयार होतात.

नोकरीच्या निमित्ताने मी एडिंबरोत तीन हिवाळे काढले, खेळ तिथे शिकले. परत आल्यावर इथे बर्फाविना सराव कसा चालू ठेवायचा हे एकेक करून शोधलं. तेच सांगते.

आधी सरकणं. भिंतीला लाकडाचा जड ठोकळा टेकवा, हा तुमचा हॅक, म्हणजे पाय रेटायचा आधार. उजव्या हाताने खेळत असाल तर उजव्या पायाचा चवडा ठोकळ्यावर, डाव्या पायात लोकरीचा मोजा. फरशी गुळगुळीत आणि कोरडीठाक हवी. अंग गरम न करता मी ओलसर फरशीवर एकदा सुरुवात केली आणि गुडघा दीड महिना धरून बसले, तेव्हा ही घाई करू नका. उकिडवे बसा, कंबर थोडी उचलून मागे घ्या, मग डावा पाय छातीखाली आणत उजव्याने ठोकळा रेटा. सगळा भार डाव्या तळव्यावर, उजवा पाय मागे लांब. डाव्या हातात तोलासाठी ब्रश.

दगडाच्या जागी मी अमृततुल्यवाल्यांकडे असते तशी ॲल्युमिनियमची किटली घेते, खाली फडकं बांधून. मूठ वरून धरायची सवय होते. सरकताना मध्येच किटली सोडून द्या. तुम्ही पुढे कलंडलात तर भार किटलीवर होता. खऱ्या दगडावर असा भार टाकला की तो रेषेवरून जात नाही. माझ्याकडच्या मुलांना हे जमायला दोन-अडीच महिने लागतात आणि तोवर मी पुढचं काही शिकवत नाही.

मग फिरकी. किटलीची मूठ घड्याळातल्या दहाच्या आकड्याकडे ठेवून निघा आणि सोडताना बाराकडे आणा. उलट फिरकीसाठी दोनवरून बाराकडे. हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा सुटला पाहिजे. बर्फावर दगड शेवटपर्यंत दोन-तीन वेढेच घेतो. मनगट झटकून भोवऱ्यासारखा फिरवलात तर तो वळतच नाही. बर्फावर दोन्ही टोकांकडे एकेक आडवी रेषा असते, ती हॉग लाईन. खेळात दगड जवळच्या हॉग लाईनच्या आत सोडावा लागतो, म्हणून जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा.

स्वीपिंगला, म्हणजे धावत्या दगडापुढे ब्रशने बर्फ घासण्याला, नवीन मुलं कमी लेखतात, आणि संघात पहिली जागा मिळते ती मात्र याच कामाने. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे तयार केलेले असतात. ब्रशच्या घासण्याने पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब आणि सरळ जातो. घरचा वजनकाटा घ्या, त्यावर ब्रश टेकवून अंगाचा भार टाका आणि घासत राहा, वीस सेकंद. काटा किती किलो दाखवतो ते लिहून ठेवा. मी 14 वर सुरुवात केली. तीन महिन्यांनी 22 टिकत होते. नुसत्या हातांनी दाबाल तर दहाव्या सेकंदाला काटा खाली येईल. पाय मागे, खांदे ब्रशच्या बरोबर वर.

स्वतःच्या संघाच्या धावत्या दगडाला ब्रश लागला तर आपणच सांगायचं. दोन हॉग लाईनच्या मध्ये लागला तर दगड लगेच बाजूला काढतात. आमच्या हॉलमध्ये किटलीलाही हाच नियम आहे.

डावपेचांसाठी कॅरमचा बोर्ड आणि सोळा सोंगट्या पुरतात. खडूने हाऊस, म्हणजे लक्ष्याची वर्तुळं, काढा आणि एकेक एंड, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ दगडांचा डाव, मांडून बोला. शेवटचा दगड, म्हणजे हॅमर, आपल्याकडे असेल तर दोन गुण घ्यायचे. ते जमत नसतील तर बऱ्याचदा एंड कोरा, म्हणजे कुणालाच गुण न मिळता, सोडायचा, कारण हॅमर आपल्याकडेच राहतो. हॅमर समोरच्याकडे असेल तर त्याला एकावर अडवायचं. पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा गार्ड, म्हणजे हाऊसपुढे आडोशाला ठेवलेला दगड, खेळाबाहेर उडवता येत नाही, हेही मांडणीत धरा.

पालक विचारतात, यात करिअर होतं का? मी नोकरी सोडू नका म्हणते. स्वीडनची ॲनेट नोरबर्ग पेशाने ॲक्च्युअरी, आणि स्किप, म्हणजे कर्णधार, म्हणून 2006 आणि 2010 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं तिची. वयाचीही धास्ती नको. अमेरिकेचा जॉन शुस्टर 2006 मध्ये लीड, म्हणजे संघाचे पहिले दगड सोडणारा, होता, कांस्य मिळालं. पुढे स्किप झाला, 2014 मध्ये संघ नववा आला, त्याला राष्ट्रीय कार्यक्रमातून वगळलं. त्याने स्वतःचा संघ बांधला आणि 2018 मध्ये, पस्तिशीत, सुवर्ण जिंकलं. तुम्हीही लीडपासूनच सुरुवात करा. पहिल्याच वर्षी स्किप व्हायचा हट्ट धरणाऱ्याला मी थेट नाही म्हणते.

पैसा साठवा तो बर्फासाठी. महागडा ब्रश नंतर. वर्षभराची रजा जपून हिवाळ्यात एकदम घ्या. दोन दिवसांपेक्षा सलग दहा दिवस कितीतरी उपयोगी, कारण दगडाचा वेग अंगात मुरायलाच तीन दिवस जातात. पहिल्या दिवशी सामना खेळू नका. ब्रश न लावता तीस दगड सोडा, हॉग लाईन ते हॉग लाईन वेळ मोजा आणि दगड कुठे थांबला ते शेजारी लिहा. हाऊसमध्ये थांबणारा दगड साधारण 14 सेकंद घेतो. माझी ती वही अजून आहे. पहिल्या पानावर पहिली ओळ: 12.8, हाऊसच्या पार. त्याखाली दहा ओळी तशाच, आणि बाराव्या ओळीत 14.1, बटनाला, म्हणजे हाऊसच्या मध्याला, टेकून.