इम्प्लांटवर जंतू बसण्याआधी: शस्त्रक्रियेच्या टीमसाठी

१९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचून पाहिले. नुसत्या त्वचेत पू व्हायला लाखो जंतू लागले. तिथे रेशमी टाका असला की शंभरेक पुरले. कृत्रिम सांधा असो की पेसमेकर, हिशेब तोच. बाहेरच्या वस्तूला रक्तपुरवठा नसतो. एकदा जंतू तिला चिकटून बायोफिल्मचा चिकट थर तयार झाला की अँटिबायोटिकचा आतल्या जंतूंवर फारसा परिणाम होत नाही आणि बहुतेक वेळा इम्प्लांटच काढावा लागतो. म्हणून खरे काम टाके घालण्याआधीच उरकायला हवे.

तयारी आधीच्या आठवड्यांत सुरू होते. नाकाच्या स्वॅबमध्ये स्टॅफ ऑरियस सापडला तर २ टक्के म्युपिरोसिन मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, ५ दिवस. सोबत रोज क्लोरहेक्सिडीनने (जंतुनाशक द्रावण) अंघोळ. धूम्रपान निदान ४ आठवडे बंद. एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८ टक्क्यांच्या वर असेल आणि घाई नसेल, तर तारीख पुढे ढकललेली बरी. केस आड येत असतील तरच काढा, तेही क्लिपरने. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतूंना आयती जागा मिळते.

सर्वांत जास्त घोळ होतो अँटिबायोटिकच्या वेळेत. सेफाझोलिन २ ग्रॅम (वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम) चिरा देण्याआधीच्या ६० मिनिटांत. शस्त्रक्रिया ४ तासांवर लांबली किंवा खूप रक्त गेले तर दुसरा डोस. व्हँकोमायसिनचे गणित वेगळे: किलोमागे १५ मिलिग्रॅम, सावकाश, तासाभरापेक्षा कमी वेळात नाही. टेबलावर घेतल्यावर ते लावले, तर चिरा पडतो तेव्हा बाटली अर्धी भरलेलीच असते. ते वॉर्डातूनच सुरू करून पाठवा. टूर्निके (रक्तप्रवाह अडवणारा हातापायाचा पट्टा) फुगवायचे असेल तर त्याआधी पूर्ण डोस आत गेलेला हवा. आणि केसपेपरवर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ एवढेच लिहिले असेल तर लगेच व्हँकोमायसिनकडे वळू नका. नेमके काय झाले होते ते विचारा. बऱ्याचदा ती अ‍ॅलर्जी नसतेच, आणि साध्या स्टॅफवर सेफाझोलिनच जास्त चांगले चालते.

त्वचेला अल्कोहोलमधले क्लोरहेक्सिडीन लावल्यावर ३ मिनिटे वाळू द्या. पुसू नका, फुंकू नका. बेंबीत किंवा पाठीखाली साचलेले द्रावण टिपून घ्या, नाहीतर कॉटरीच्या (विजेने रक्तस्राव थांबवणारे उपकरण) ठिणगीने पेट घेते.

उपकरणांचा सेट उघडल्यावर आत पाण्याचा एक थेंब दिसला तरी सगळा सेट परत पाठवा. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात. इम्प्लांटचा डबा ‘आता बसवायचा’ म्हटल्यावरच उघडायचा. ट्रॉलीवर आधीपासून उघडा ठेवायचा नाही. हात लावण्याआधी वरचे हातमोजे बदला आणि त्वचेच्या कडेला तो टेकू देऊ नका. तेवढा वेळ दार बंद. साइज आणायला पळापळ होत असेल तर प्लॅनिंग चुकले आहे.

सांधा बसवल्यावर धुण्यासाठी ५०० मिलि सलाइनमध्ये १० टक्के पोव्हिडोन आयोडीन १७.५ मिलि घाला. द्रावण सुमारे ०.३५ टक्के होते. ३ मिनिटे राहू द्या, मग साध्या सलाइनने धुवा. आयोडीनची बाटली निर्जंतुक असल्याचे लेबलवर वाचून घ्या. ड्रेसिंगच्या ट्रेमधली चालत नाही.

पेसमेकरमध्ये मोठा शत्रू म्हणजे पॉकेटमध्ये, म्हणजे तो ठेवायच्या त्वचेखालच्या खिशात, साचणारे रक्त. रक्त पातळ करणारी वॉरफरिन थांबवून हेपॅरिनवर नेण्यापेक्षा, आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचे माप) आटोक्यात ठेवून वॉरफरिन चालू ठेवणे बरे. मधल्या काळात हेपॅरिन दिल्याने हेमाटोमा (साचलेल्या रक्ताच्या गाठी) वाढतात. पॉकेट शिवण्याआधी रक्तस्राव पूर्ण थांबलाय का ते पुन्हा एकदा पाहा. बॅटरी बदलणे, पुन्हा शस्त्रक्रिया अशा जोखमीच्या रुग्णांत पेसमेकरभोवती मिनोसायक्लिन-रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकची विरघळणारी पिशवी उपयोगी पडते. याच पिशवीच्या २०१९ च्या रॅप-इट चाचणीत वर्षभरातले मोठे संसर्ग १.२ वरून ०.७ टक्क्यांवर आले.

नंतर अँटिबायोटिक २४ तासांत बंद. ‘काळजी म्हणून’ आठवडाभर गोळ्या दिल्याने संसर्ग कमी होत नाही. सांध्याची जखम आठवड्यानंतरही झिरपत असेल तर गोळ्या देऊन वाट पाहू नका: वरून कोरडी पडते, आत पू वाढतो, कल्चरही (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह येते. आधी सुईने सांध्यातले पाणी काढून तपासा. जखम उघडलीच तर वेगवेगळ्या उपकरणांनी पाचेक नमुने घ्या आणि कल्चर १४ दिवस ठेवायला सांगा, विशेषतः खांद्याचे. तिथला क्युटिबॅक्टेरियम हा जंतू फार हळू वाढतो. पेसमेकरच्या सुजलेल्या पॉकेटमध्ये मात्र सुई कधीच घालायची नाही. आत नुसते रक्त असेल तर आपणच त्यात जंतू सोडून येतो.