आडत कुणाकडून? सॉफ्टवेअरची रचना करताना विचारायचा पहिला प्रश्न

दर शनिवारी दुपारी नवी मुंबईत कोपरखैरण्याला माझ्या घरी तीन-चार मुलं-मुली येतात. कुणी ऐरोलीला नुकतीच नोकरीला लागलेली, कुणी रबाळ्याला. कोड सगळ्यांना लिहिता येतो. गाडी अडते ती पुढे. "दादा, डिझाइन पॅटर्न पाठ आहेत, पण नवीन प्रोजेक्ट हातात आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही." हे लिहितोय ते त्यांच्यासाठी, आणि याच जागी अडलेल्या सगळ्यांसाठी.

माझं सांगणं असतं, आधी एडिटर बंद करा आणि वही घ्या. या सॉफ्टवेअरमध्ये उद्या काय काय बदलेल आणि तो बदल सांगायला कोण येईल, एवढंच लिहा. मग त्या यादीतली प्रत्येक गोष्ट एकेका दाराआड ठेवा, म्हणजे बदल आला की एकच दार उघडावं लागेल. आर्किटेक्चर (सॉफ्टवेअरची रचना) म्हणून जे काही मोठ्या नावांनी शिकवलं जातं, त्याचा निम्म्याहून जास्त भाग माझ्या मते एवढाच आहे.

मी हे शिकलो वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. आमचे आबा तिथे माथाडी. त्यांच्या ओळखीने २०१३ साली एका गाळ्यासाठी मी पट्टीचं सॉफ्टवेअर लिहून दिलं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेब. गोण्या किती आल्या, वजन किती भरलं, काय भावाने माल गेला, त्यातून मोटारभाडं, हमाली, तोलाई, आडत (माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन) वजा, आणि सगळ्यात खाली हातात येणारी रक्कम. सोपं काम वाटलं. विक्रीच्या रकमेतून आडत वजा करायची ओळ मी पट्टीत लिहिली, रोजमेळात (रोजच्या जमाखर्चात) लिहिली, खतावणीत (खातेवार नोंदीत) लिहिली, महिन्याच्या अहवालात लिहिली. मोजली तेव्हा सात ठिकाणी निघाली.

२०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, बाजार काही दिवस थंडावला. मग शेठचा फोन आला. "आता पट्टीत आडत धरायची नाही. घेणाऱ्याच्या बिलात लाव." मी रात्र जागून सहा ठिकाणी बदल केला. सातवं राहिलं, ते महिनाअखेरीला सापडलं. पण खरी चूक वेगळीच होती. ऑगस्टमध्ये जुन्नरकडचे एक शेतकरी मे महिन्यातल्या पट्टीची दुसरी प्रत मागायला आले. गाळ्यातले हिशेबनीस मेहताजी यांनी बटण दाबलं आणि जुनी पट्टी नव्या नियमाने छापून आली, आडत न कापता. कागदावरची रक्कम त्यांना मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त! आपले पैसे कापून ठेवले असं त्या माणसाला वाटलं, आणि वाटणारच. मेहताजींनी जुनी कार्बन कॉपी शोधून काढली, अर्धा तास समजूत घातली. त्या गाळ्यात त्यांनी वर्षानुवर्षं सचोटीने हिशेब लिहिला होता, आणि माझ्या कोडने त्यांच्यावर संशय आणला. ते मला आजही लागतं.

यादी कशी करायची

संगणकतज्ज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या डिसेंबरमध्ये एक लेख लिहिला. प्रोग्रामचे तुकडे कशाच्या आधारावर पाडावेत, हा त्याचा विषय. त्या काळी लोक फ्लोचार्ट काढत आणि एकेका पायरीचं एकेक मॉड्यूल करत: आधी वाचा, मग क्रम लावा, मग छापा. पार्नास यांनी एकच छोटा प्रोग्राम दोन पद्धतींनी तोडून दाखवला आणि म्हटलं, पायऱ्यांनुसार तोडू नका. बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. मी पट्टीचं सॉफ्टवेअर पायऱ्यांनुसारच तोडलं होतं, म्हणून आडतीचा निर्णय प्रत्येक पायरीत सांडला.

म्हणून वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे काय बदलेल, उजवीकडे कोण बदलायला लावेल. माझी आजची यादी अशी आहे:

आडतीचा टक्का आणि ती कुणाकडून घ्यायची – सरकार, बाजार समिती
हमालीचा दर – माथाडी आणि व्यापारी यांच्यातला करार
पट्टीचा छापील नमुना – शेठ
पट्टी शेतकऱ्यापर्यंत कशी पोचते – शेतकरी स्वतः
डेटा कुठे साठवायचा – आम्ही डेव्हलपर

उजवा रकाना टाळू नका, कारण खरी माहिती तिथेच असते. दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांच्या सांगण्यावरून बदलत असतील तर त्या एका क्लासमध्ये (कोडच्या एका गटात) राहता कामा नयेत. 'सिंगल रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणतात त्याचा अर्थ 'एका क्लासने एकच काम करावं' एवढाच सांगितला जातो आणि मुलं गोंधळतात, कारण एक काम कशाला म्हणायचं हे ठरत नाही. 'याला बदलायला लावणारं माणूस कोण' असं विचारलं की लगेच ठरतं.

यादीत काय नाही तेही बघा. वजन गुणिले भाव हे बदलणार नाही. कांद्याच्या बाजारात बदललं नाही, पुढेही बदलेल असं वाटत नाही. मग त्याला इंटरफेस, फॅक्टरी, कॉन्फिगरेशन असं जादा सामान काही नको. साधा गुणाकार लिहा आणि पुढे चला. उगाच उघडून ठेवलेलं दारसुद्धा सांभाळावं लागतं.

एक दार जवळून

आडतीचं दार मी दुसऱ्यांदा बांधलं ते असं. नियम कोडमधून बाहेर काढून एका टेबलात ठेवले:

आडत | शेतकरी | सुरुवातीपासून | बदलाच्या आदल्या दिवसापर्यंत
आडत | खरेदीदार | बदलाच्या दिवसापासून | पुढे चालू

आणि सगळ्या सॉफ्टवेअरसाठी एकच फंक्शन:

खर्च_काढा(व्यवहार, विक्रीची_तारीख)

पट्टी, रोजमेळ, खतावणी, अहवाल, सगळे यालाच विचारतात. आडत कशी निघते हे बाहेर कुणालाच माहीत नाही. आता दुसऱ्या पॅरामीटरकडे, म्हणजे विक्रीच्या तारखेकडे, नीट बघा. पहिल्या वेळी मी तारीख मागितलीच नव्हती, त्यामुळे आज चालू असलेला नियमच कालच्या व्यवहारालाही लागत होता. पुष्कळ जण फंक्शनच्या आतच आजची तारीख घेतात. दिसायला निरुपद्रवी, पण ते घड्याळावरचं लपलेलं अवलंबित्व आहे. ते फंक्शन तपासता येत नाही, कारण त्याचं उत्तर रोज बदलू शकतं. आणि जुना व्यवहार पुन्हा काढला की जुन्नरचे ते शेतकरी पुन्हा दारात उभे. जिथे पैसे, कर, दर, पगार आहेत तिथे नियमाला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्षभरातच, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा मसाला मार्केटातल्या एका गाळ्याचं काम मी याच टेबलात नव्या ओळी घालून केलं. कोडला हात लावला नाही.

सारखं दिसतं म्हणून एक करू नका

पुनरावृत्ती टाळा हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी हमाली आणि तोलाई यांचं एकच फंक्शन केलं होतं. दोन्ही गोण्यांच्या संख्येवर, दोन्हींचा गुणाकार सारखा. आबांना एकदा कौतुकाने दाखवलं. ते स्क्रीनकडे बघून म्हणाले, "आरं, हमाली हमालाची आन् तोलाई तोलणाराची. येक कशी करतोस?" मी म्हटलं, आबा, हिशेब सारखाच आहे. ते म्हणाले, "आज हाय."

पुढच्या करारात हमालीचा दर गोणीच्या वजनाप्रमाणे बदलला, तोलाई होती तशीच राहिली. माझ्या त्या एका फंक्शनमध्ये 'हमाली असेल तर' अशी एक अट आली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी ते फोडून दोन केले. कोडच्या दोन ओळी सारख्या दिसणं वेगळं आणि दोन्हीमागचा निर्णय एकच असणं वेगळं. आडतीची सात ठिकाणं म्हणजे एकाच निर्णयाच्या सात नकला होत्या, त्या एक व्हायलाच हव्या होत्या. हमाली आणि तोलाई हे दोन निर्णय होते, आकडेमोड योगायोगाने जुळली होती. शंका आली तर उजवा रकाना बघा.

बाण कुठल्या दिशेला

कागदावर चौकोन काढा: हिशेब, डेटाबेस, प्रिंटर, व्हॉट्सॲप. आता कोण कुणाला ओळखतो त्याचे बाण काढा. हिशेबातून डेटाबेसकडे किंवा प्रिंटरकडे बाण जात असेल तर तो उलटा करा. हिशेबाने एवढंच म्हणावं, 'मला पट्टी पोचवणारा कुणीतरी द्या.' तो कुणीतरी २०१३ मध्ये खरखर वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता, नंतर थर्मल झाला, आता बहुतेक शेतकरी पीडीएफच मागतात. हिशेबाच्या कोडला यातलं काहीही कळलेलं नाही. यालाच डिपेन्डन्सी इन्व्हर्जन (अवलंबित्वाची दिशा उलटी करणं) म्हणतात.

हे जमलंय का ते तपासायची माझी रीत सोपी आहे. कोपरखैरण्याहून ठाण्याला जाताना ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडा, नेटवर्क बंद करा, डेटाबेस बंद करा आणि हिशेबाच्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवा. पुढचं स्टेशन घणसोली यायच्या आत सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या पाहिजेत. कनेक्शन मिळत नाही अशी ओरड आली तर बाण चुकलाय.

आधीच चालू असलेलं प्रोजेक्ट हातात आलं असेल तर चौकोन काढण्याआधी गिटचा (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास बघा. गेल्या सहा महिन्यांत कुठल्या दोन फाइली दर वेळी जोडीने बदलल्या? त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर एकच निर्णय दोघींत वाटला गेलाय. कपलिंग (तुकडे एकमेकांत किती अडकलेत) आणि कोहेजन (एका तुकड्यातल्या गोष्टी किती एकजीव आहेत) यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही यादी जास्त शिकवते.

धारण तलाव

एका हंगामात पट्ट्या पाठवताना सॉफ्टवेअर पहाटे अडकायला लागलं. गाड्या एकदम लागायच्या, मेहताजी पटापट पट्ट्या करायचे, आणि प्रत्येक पट्टीला मेसेज जाईपर्यंत स्क्रीन थांबून राहायची. इथे नवी मुंबईकराला समजेल असा उपाय आहे. आपल्या शहराचा बराच भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलाय. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्याचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपा उघडतात आणि ते खाडीत उतरतं. मेसेज क्यू (मेसेजची रांग) म्हणजे हेच. पट्टी झाली की मेसेज क्यूत टाकायचा आणि मेहताजींना मोकळं करायचं. पाठवणारा प्रोग्राम त्याच्या वेगाने उपसत राहील.

पण तलाव बांधला म्हणजे काम संपलं असं नाही. सिडकोच्या तलावांत गाळ साचला, खारफुटी वाढली, पाणी धरायची ताकद कमी झाली, हे आपण बघतोय. क्यूचंही तसंच. आत किती मेसेज साचलेत, सगळ्यात जुना किती मिनिटांपासून पडून आहे, हे रोज दिसलं पाहिजे. एखादा मेसेज दोनदा बाहेर पडू शकतो, म्हणून प्रत्येक पट्टीला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर गप्प सोडून द्या. आणि न जाणारे मेसेज वेगळ्या जागी काढून ठेवा, नाहीतर एक चुकीचा फोन नंबर मागच्या सगळ्यांची वाट अडवतो.

मायक्रोसर्व्हिसेसबद्दल, म्हणजे एका सॉफ्टवेअरचे नेटवर्कवरून बोलणारे छोटे स्वतंत्र प्रोग्राम करण्याबद्दल, दर शनिवारी विचारलं जातं. दोन-तीन जणांची टीम असेल तर करू नका. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशीच रचना त्यांच्या सिस्टीमला येते. दोन माणसांनी आठ सर्व्हिसेस केल्या तर मधल्या नेटवर्कच्या चुका निस्तरण्यातच दिवस जातो. एकाच प्रोग्राममध्ये भिंती नीट घाला. पुढे टीम वाढली तर त्या भिंतीवरून कापता येईल.

शेवटचं काम लिहिण्याचं. मोठा निर्णय घेतला की कोडच्या शेजारीच एक छोटी फाइल ठेवा: तारीख, परिस्थिती, निर्णय, परिणाम. अर्ध्या पानापेक्षा जास्त नको. माझ्याकडची एक अशी आहे:

'परिस्थिती: आडतीचा नियम बदलला, जुन्या पट्ट्या चुकीच्या छापल्या. निर्णय: प्रत्येक खर्च विक्रीच्या तारखेच्या नियमाने काढायचा, आजच्या तारखेने कधीच नाही. परिणाम: प्रत्येक हिशेबाला तारीख द्यावी लागेल, कोड थोडा लांबेल.'

गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका मुलीला ते तारखेचं पॅरामीटर फालतू वाटलं. सगळीकडे तेच तेच द्यावं लागतं म्हणून तिने ते काढून टाकायचा बदल तयार केला आणि माझ्याकडे तपासायला पाठवला. मी काहीच लिहिलं नाही, फक्त त्या फाइलचा दुवा दिला. दहा मिनिटांनी तिने बदल मागे घेतला आणि मे महिन्यातली पट्टी ऑगस्टमध्ये छापून बघणारी एक टेस्ट जोडली.