महागडा डिस्क प्लेअर घेण्याआधी टीव्हीकडून काम करून घ्या

मी दादरपासून बोरिवलीपर्यंत घरोघरी टीव्ही, साउंडबार आणि प्रोजेक्टर बसवून देते. ज्या घरात डीव्हीडींचं कपाट असतं तिथे एक प्रश्न हमखास येतो : "ताई, टीव्ही नवा घेतलाय, आता प्लेअरही भारीतला घेऊ का? चित्र सुधारेल ना?" नुसत्या चित्रासाठी घेऊ नका, असंच मी सांगते. टीव्ही नावाजलेल्या कंपनीचा आणि अलीकडचा फोर-के असेल, तर एकेकाळी ज्या कामासाठी महाग प्लेअर घ्यावा लागायचा ते काम आता टीव्हीतच होतं, आणि बहुतेक वेळा जास्त नीट होतं. फक्त प्लेअरने मध्ये लुडबुड करता कामा नये.

ते काम काय, हे आधी समजून घेऊ. डीव्हीडीवरचं चित्र अर्ध्या-अर्ध्या भागांत येतं : आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. आपल्याकडच्या पाल पद्धतीत 576 ओळी आणि सेकंदाला 50 अर्धी चित्रं, तर अमेरिकी एनटीएससीत 480 ओळी आणि जवळजवळ 60. आपल्याकडे विकल्या गेलेल्या बऱ्याच हिंदी डीव्हीडी एनटीएससी आहेत, तेव्हा घरात दोन्ही सापडतील. हे अर्धे भाग जोडायचे आणि मग चित्र मोठं करायचं. पालच्या एका चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपके. फोर-के पडद्यावर 82,94,400. बरोब्बर वीसपट. याचा अर्थ, वीसातले एकोणीस ठिपके कुठल्या तरी चिपने अंदाजाने भरलेले असतात. ती चिप प्लेअरमधली असावी की टीव्हीतली, एवढाच खरा प्रश्न आहे.

2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत उत्तर सोपं होतं. टीव्हीतली चिप कच्ची असायची, म्हणून फारूजा कंपनीची चिप बसवलेले प्लेअर लोक पैसे मोजून घ्यायचे आणि त्यांचे पैसे वसूल व्हायचे. आता टीव्हीच्या पडद्याला स्वतःचे ठिपके ठरलेले असल्यामुळे येईल ते चित्र त्या मापात बसवणं हेच टीव्हीच्या चिपचं रोजचं काम झालंय. केबल, यूट्यूब, सेट-टॉप बॉक्स, सगळं तिच्याच हातून जातं. कंपन्यांनी तिच्यावर मेहनत घेतली आहे.

आता कपाट उघडून डिस्क वेगळ्या करा. 2007च्या आसपास मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढल्या, तेव्हापासून मराठी घरांत नाटकं आणि सिनेमे ढिगाने आले. त्यातल्या व्हीसीडींवर चित्र जेमतेम 352 गुणिले 288 ठिपक्यांचं आहे. त्यावर कुठलीही चिप चमत्कार करणार नाही, तेव्हा त्यांच्यासाठी पैसे घालवू नका. उलट नवा प्लेअर घेताना तो व्हीसीडी वाचतो का, हे आधी विचारा. काही ब्ल्यू-रे (डीव्हीडीनंतर आलेल्या एचडी डिस्कचे) प्लेअर वाचत नाहीत, आणि आईबाबांची नाटकं नेमकी त्यावरच असतात.

मग टीव्हीच्या मागे हात घालून केबल बघा. फोर-के टीव्ही आणि एचडीएमआय असलेला प्लेअर, पण मध्ये पिवळी-लाल-पांढरी वायर, असं मला अजूनही बऱ्याच घरांत दिसतं. पिवळ्या वायरमधून रंग आणि उजेड एकत्र कालवून येतात आणि ते पुन्हा नीट वेगळे होत नाहीत. साधी एचडीएमआय केबल लावा. डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेला सोन्याचा मुलामा वगैरे लागत नाही.

प्लेअरच्या मेन्यूत व्हिडिओ आउटपुटमध्ये जा. 'सोर्स डायरेक्ट' किंवा 'ओरिजिनल रिझोल्यूशन' असा पर्याय असेल तर तो निवडा, म्हणजे डिस्कवर जे आहे तेच टीव्हीकडे जाईल. साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये तो नसतो. तिथे 576पी ठेवा, एनटीएससी डिस्कला 480पी (आकड्यापुढचा 'पी' म्हणजे ओळी जोडलेलं पूर्ण चित्र, 'आय' म्हणजे अर्धे भाग) : ओळी प्लेअर जोडेल, मोठं करण्याचं काम टीव्ही करेल. ब्ल्यू-रेसाठी 24पी, म्हणजे सेकंदाला 24 पूर्ण फ्रेमचं, आउटपुट चालू करा. नॉइज रिडक्शन, शार्पनेस, 'व्हिव्हिड' अशी जी सजावट प्लेअरमध्ये असेल ती सगळी शून्यावर आणा. धार काढायचं काम दोन ठिकाणी झालं की माणसांच्या खांद्याभोवती पांढरी रेघ उमटते, आणि मग दोष बिचाऱ्या डिस्कला जातो.

टीव्हीत पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. मोशन स्मूदिंग, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणं, बंद करा. एलजीत त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो. मात्र सोनीतलं सिनेमोशन बंद करू नका, कारण सिनेमाच्या मूळ फ्रेम ओळखण्याचं काम तेच करतं. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. एनटीएससी डीव्हीडीवर त्यातली एक फ्रेम तीन अर्ध्या भागांत आणि पुढची दोन भागांत टाकून हिशेब जुळवलेला असतो. त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. चांगला टीव्ही हा तीन-दोनचा ठेका ओळखून मूळ 24 फ्रेम परत काढतो. पालमध्ये हा गुंता नाही. तिथे सिनेमा सरळ 25च्या वेगाने पळवतात, म्हणून अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि बऱ्याचदा गाण्याचा सूरही किंचित चढतो. तो मात्र महाग प्लेअर घेतला म्हणून खाली येत नाही.

खरी परीक्षा नाटकाच्या डीव्हीडीची. ती व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेली असते, तिथे प्रत्येक अर्धं चित्र वेगळ्या क्षणाचं असतं. ओळखण्यासारखा ठेकाच नसतो. काय हलतंय आणि काय स्थिर आहे, हे चिपला ठिपक्या-ठिपक्याला ठरवावं लागतं. म्हणून तपासणीसाठी मी नाटकच लावते आणि थेट शेवटच्या नामावलीवर जाते. वर सरकणाऱ्या अक्षरांची शिरोरेखा बघा. ती बारीक आणि आडवी असते, बऱ्याचदा एक-दोन ओळींचीच, त्यामुळे जोडकाम कच्चं असेल तर पहिली तिथेच पकडली जाते : रेघ थरथरते, मध्येच जाड होते, मध्येच नाहीशी होते. जोडकाम नीट असेल तर नाव शांतपणे वर सरकतं. लॅटिन अक्षरांत ही कसोटी इतकी स्वच्छ मिळत नाही, देवनागरीत फुकट मिळते! मग एखादी नऊवारीतली नटी रंगमंचावरून झपकन जाते ती जागा शोधा आणि पदराच्या तिरक्या काठाला करवतीसारखे दाते पडतात का ते बघा.

हाच एक मिनिटाचा तुकडा प्लेअरच्या 576आय, 576पी आणि 1080पी अशा तिन्ही आउटपुटवर बघा. रिमोट घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, सेटिंग बदलताना तुम्ही पडद्याकडे पाठ करून बसा, आणि कुठलं बरं वाटलं ते कागदावर लिहा. किंमत माहीत असली की डोळा फसतो, मी हे नेहमी बघते. 576आयवर, म्हणजे सगळं काम टीव्हीवर सोपवल्यावर, शिरोरेखा स्थिर राहिली तर महाग प्लेअरचा विषय डीव्हीडीपुरता संपला. थरथरली आणि 1080पीवर थांबली, तर तुमच्या टीव्हीची चिप कमकुवत आहे. स्वस्तातल्या काही फोर-के टीव्हींत असं होतं. तेव्हा प्लेअर 1080पीवरच ठेवा. तिन्ही आउटपुटवर थरथरली, तरच मध्यम किमतीचा ब्ल्यू-रे प्लेअर उपयोगी पडेल.

एक दोष मात्र प्लेअरचाच असतो आणि टीव्ही तो झाकू शकत नाही. डिस्कवर रंगाची माहिती उजेडाच्या मानाने एक चतुर्थांशच असते आणि ती भरून काढायची सुरुवात प्लेअरमध्येच होते. काळ्या पडद्यासमोर लालभडक शालू असेल त्या दृश्यात लाल रंगाच्या कडेला पायऱ्या दिसल्या, तर प्लेअर बदला.

ब्ल्यू-रेवर सिनेमे बहुतेक पूर्ण 1080पी, 24 फ्रेमचे असतात. ओळी जोडायच्या नाहीत, फक्त चौपट मोठं करायचं. डिस्क उलगडण्याचे नियम इतके काटेकोर आहेत की साधा प्लेअर आणि भारी प्लेअर टीव्हीला जवळजवळ तेच आकडे देतात. त्यात मुंबईच्या खोल्या. 55 इंची टीव्ही सात फुटांवरून बघितला तर 1080पीचे ठिपकेही सामान्य नजरेला सुटे दिसत नाहीत, आणि 43 इंचीला साडेपाच फूट पुरतात. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत सोफा भिंतीला टेकवला की फोर-केचा जादा बारकावा निम्मा तिथेच हरवतो.

मग भारी प्लेअर घ्यायचाच कुणी? प्रोजेक्टर असलेल्यांनी जरूर विचार करावा. अल्ट्रा एचडी, म्हणजे फोर-के, डिस्कवरचं एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला जास्त असलेलं) चित्र 1,000 किंवा 4,000 निट्स (निट हे उजेडाचं माप) उजेड धरून तयार केलेलं असतं. प्रोजेक्टर त्याच्या आसपासही जात नाही. पॅनासॉनिकच्या यूबी820मधला एचडीआर ऑप्टिमायझर तो उजेड आधीच दाबून देतो आणि फरक लांबून कळतो. एसएसीडी (जास्त दर्जाच्या आवाजाची सीडी) ऐकणारे, जुन्या अँप्लिफायरला अ‍ॅनालॉग आवाज लागणारे, यांचंही कारण खरं आहे. पण डॉल्बी व्हिजनसाठी (हा एचडीआरचाच एक प्रकार) जास्त पैसे देण्याआधी टीव्ही बघा. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेतच नाहीत, तिथे ते पैसे वाया जातात. ओप्पोने 2018मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, तरी त्यांचे वापरलेले प्लेअर लोक अजून चढ्या भावाने घेतात. नुसत्या डीव्हीडीसाठी त्यामागे लागू नका.

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जाणार असाल तर आपली नाटकाची डीव्हीडी, एक ओरखडा पडलेली डिस्क आणि एक व्हीसीडी पिशवीत टाका. दुकानदाराच्या चकचकीत डेमोवर जाऊ नका. तिन्ही डिस्क लावायला सांगा, ओरखड्यावर प्लेअर अडकतो का बघा आणि ड्रॉवर बंद झाल्यावर कान जवळ नेऊन मोटरचा आवाज ऐका. घरी आणल्यावर प्लेअर जुन्याच एचडीएमआय सॉकेटला लावा. बऱ्याच टीव्हींत पिक्चरचं सेटिंग प्रत्येक सॉकेटचं वेगळं असतं, आणि सॉकेट बदललं की मोशन स्मूदिंग पुन्हा चालू झालेलं सापडतं.