घरच्या जुन्या कॅसेटमधले आवाज संगणकावर कसे उतरवावेत

फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली कॅसेट आपल्याकडे पुढे घराघरांत पोहोचली, आणि विकतच्या गाण्यांबरोबरच बारशाचे पाळणे, आजीच्या ओव्या, परगावी असलेल्या मुलासाठी पत्राऐवजी भरून पाठवलेल्या गप्पा असेही बरेच काही तिच्यात साठले. विकतची गाणी आज फोनवर सापडतात. घरचे आवाज मात्र त्या एकाच फितीवर असतात. म्हणून प्रथम घरी भरलेल्या कॅसेटी वेगळ्या काढाव्यात. लेबलवर विसंबू नये, कारण सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटीवरही घरचे रेकॉर्डिंग केलेले असू शकते. मागच्या कडेच्या खाचांवर चिकटपट्टी लावलेली असेल, तर ती त्याचीच खूण समजावी. ही चिकटपट्टी काढून टाकावी आणि जिथे खाचेवरची प्लास्टिकची छोटी पट्टी अजून शाबूत आहे तिथे ती मोडावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुना आवाज पुसला जाणार नाही.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी खिडकीतून फीत उजेडात पाहावी. दमट हवेत राहिलेल्या फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट बाजूला ठेवून जाणकाराकडे द्यावी, अन्यथा बुरशी यंत्रात उतरून पुढच्या कॅसेटींनाही लागते. फितीच्या मागे असलेली नमद्याची छोटी गादी निखळली असेल, तर आवाज क्षीण आणि अस्पष्ट येतो. अशा वेळी, किंवा फीत तुटली असेल तेव्हा, स्क्रूची कॅसेट उघडून आतला ऐवज दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येतो. फीत धड असल्यास कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी आवळलेली गुंडाळी मोकळी होते.

थेट संगणकाला जोडायचे स्वस्त, खिशात मावणारे प्लेअर मिळतात, पण त्यांचा वेग अनेकदा स्थिर नसतो आणि माणसाचा आवाज डोलू लागतो. त्यापेक्षा चालू स्थितीतला जुना डेक किंवा टेपरेकॉर्डर मिळवावा, गरज पडल्यास त्याचा रबरी पट्टा बदलून घ्यावा आणि हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे. फीत दाबून धरणारे रबरी चाक मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो. ज्या यंत्रावर आवाज भरला त्याचे हेड आणि आपल्या यंत्राचे हेड यांचा कोन जुळत नसेल, तर आवाज उशीतून आल्यासारखा दबका ऐकू येतो. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूला कॅसेट चालू असताना अगदी किंचित फिरवत राहावे. ‘स’, ‘श’ आणि बांगड्यांची किणकिण जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येईल, तिथे थांबावे.

लॅपटॉपला बहुधा एकच छिद्र असते आणि ते माइकसाठी असल्याने त्यातून आवाज फाटून, एकाच बाजूचा येतो. म्हणून लाइन-इन (टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राचा आवाज थेट घेणारे छिद्र) असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यंत्र आणि संगणक यांना जोडणारी छोटी पेटी घ्यावी. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरते. नमुना-दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट ठेवल्यास वेव्ह फाइल (आवाज न आकसता साठवणारी) मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी. सर्वांत मोठा आवाजही ऑडॅसिटीच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये, इतपत पातळी ठेवावी. आवाज खऱ्या वेळेतच उतरतो, त्यामुळे नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला दीड तास द्यावाच लागतो.

खरखर काढण्याचा मोह मूळ फाइलवर करू नये. खरखर पुसणारी साधने स्वरांचे बारकावेही पुसतात, आणि ओवीमागची जात्याची घरघर ही खरखर नव्हे, हे त्यांना कळत नाही. मूळ वेव्ह तशीच ठेवून साफसफाई प्रतीवर करावी, नातेवाइकांना एमपी३ पाठवावी आणि मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग व्यक्ती, मग प्रसंग आणि कॅसेटची बाजू लिहावी. कॅसेट फेकू नये. फीत एका टोकाला गुंडाळून, स्पीकरपासून दूर, कोरड्या कपाटात उभी ठेवावी.

आवाज ओळखणारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना हे रेकॉर्डिंग ऐकवावे. मध्येच कोण खोकले, कुणाचे मूल रडते, हे ती सांगू लागली की फोनवर तेही टेप करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे.